फिर्यादी

पंचनामा. वेळ सकाळी नऊ दहा.
तापमान लिहायची रीत नाही आमच्यात,
पण वैशाखातलं भुसावळ, पेनची शाई बोटांना लागत होती.

ठिकाण: लोको शेडच्या मागची जुनी दफनभूमी.
पूर्वेस रेल्वेची भिंत, पश्चिमेस केळीचा बाग,
उत्तरेस नाला,
दक्षिणेस रस्ता, जो गेल्या महिन्यापर्यंत नव्हता.

रजिस्टर म्हणतं कबरी बेचाळीस.
मोजल्या, तर एकतीस.
बाकीच्या जागी जेसीबीच्या दातांचे ओरखडे,
चुना मारून आखलेले प्लॉट,
आणि एका खुंटीवर आधीच कुणाचं तरी आडनाव.

पंच क्रमांक एक सुकलाल कोळी, केळीचा ट्रक चालवतात.
पंच क्रमांक दोन युसुफ तडवी, पंक्चरवाले.
दोघांनी समक्ष पाहिलं:
संगमरवरी पाटी, तुकडे तीन,
नाव अर्धं फुटलेलं, वय मात्र शाबूत.
चार महिने नऊ दिवस.
युसुफभाई म्हणाले, साहेब, दिवससुद्धा मोजलेत.
हे मी पंचनाम्यात घेतलं नाही.

लोखंडी कुंपण जामनेर रोडच्या भंगारात सापडलं.
भंगारवाला म्हणे, मी क्रूस घेतले नाहीत,
मी लोखंड घेतलं. छत्तीस रुपये किलो.

ठाण्यात साहेबांनी पुस्तक उघडलं.
आधी दोनशे सत्त्याण्णव होतं, आता तीनशे एक,
मजकूर जवळजवळ तोच:
दफनाच्या जागेत शिरकाव, कोणाच्या तरी
भावना दुखावण्याच्या इराद्याने.
त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं.
'कोणाच्या, इंगळे? फिर्यादी आण.'

हिंडलो.
चर्चचे फादर म्हणाले, ही नावं आमच्या वहीत नाहीत, रेल्वेची माणसं.
रेल्वेचे बाबू म्हणाले, जमीन आम्ही केव्हाच सोडली.
तहसीलात एका पिवळ्या कागदावर 'मसणवटा' असा शब्द,
त्यावर पेन्सिलची फुली. कुणी मारली, माहीत नाही.
चार महिने नऊ दिवसांच्या माणसाला
वारस कुठून आणायचा?

तिसऱ्या दिवशी ठगूबाई भारंबे आल्या,
वय सत्तरच्या वर, हातात तेलकट पिशवी.
'माहं नाव लिव.'
मयताशी नातं, मी विचारलं.

'चाळीस उन्हाळे त्या गोऱ्या दगडावर बिबडे वाळवले मी.
आधी झाडायची. पानी शिंपडायची.
मंग धोतराचं फडकं अंथरायची.
पहिलं बिबडं कोपऱ्यात ठेवायची, लेकराचं.
चिमन्या न्यायच्या. नेऊ दे.'

आजी, हे नातं फॉर्मात बसत नाही.
'मंग मोठा फारम आन.'

मी पाणी दिलं. ती प्याली नाही, पेला धरून बसली.
'माहं बी एक गेलं व्हतं, दीड महिन्याचं.
नाल्याकाठी पुरलं. दगड ठेवायची रीत नाही आमच्यात.
तिथं आता कॉलनीची टाकी हाय.
त्याच्यासाठी कलम हाय का रे भाऊ?'

मी पुस्तक चाळलं, पानं पुढे, पानं मागे.
आहे, म्हणालो.
आहे की नाही, मला ठाऊक नव्हतं.

गुन्हा नोंद, सायंकाळी चार वीस.
फिर्यादीची सही म्हणून डाव्या हाताचा अंगठा,
शाईखाली पापडखाराचा पांढरा डाग.
आरोपीला दुसऱ्याच दिवशी जामीन मिळाला.
वकील कोर्टात विचारणारच आहे,
या बाईचा त्या कबरीशी संबंध काय.
तारीख पुढची.
पण त्या रात्रीपासून जेसीबी ठाण्याच्या आवारात उभा आहे,
त्याच्या दातांत अजून तिथली माती,
आणि प्लॉटच्या खुंट्या मी स्वतः उपटल्या,
पंचांसमक्ष, मोजून, सव्वीस.

मुद्देमाल क्रमांक सात: पाटीचे तुकडे, तीन.
मालखान्यात बल्ब मिणमिणता.
ओल्या फडक्याने पुसले, जोडून ठेवले,
लेबल चिकटवायचं होतं.
वयावर येत होतं.
जरा वर लावलं.