शॉट तीस-अ

महाप्यात, पॅकिंगवाल्यांच्या वरच्या मजल्यावर
रात्रभर मी बासष्ट तुकडे ओळीने मांडते.
कुठला चार सेकंदांचा, कुठला अडीच,
एक नुसता डोळ्यांच्या देठांचा, अठरा फ्रेम.
सगळे मिळून एक खेकडा
पाम बीच रोड ओलांडतो,
खाडीकडून तळ्याकडे.

तिसापर्यंत तो शाल्मलीने काढलाय, ऐरोलीत बसून.
पुढचा अय्याज मुकादमने, पनवेलला.
दोघं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत.
सुटा पाहिला तर एकेक शॉट दृष्ट काढावी असा.
जोडले,
तर तिसाव्यात उजवा डेंगा मोठा
आणि एकतिसाव्यात डावा.

परत चालवलं. परत.
कुणाच्या लक्षात येतंय, असं म्हणाले
आणि माझंच लक्ष तिथून हलेना.
अय्याजचा शॉट आरशासारखा उलटा करून पाहिला :
डेंगा आला जागेवर,
पण पाटीवरचं नेरूळ वाचता येईना,
गाड्या परक्या देशातल्यासारख्या भलत्याच बाजूने,
आणि खेकडा, बिचारा,
खाडीकडे माघारी निघाला.

सकाळी सहाला दिवाळे गावच्या चांगुणाबाई आल्या.
केरसुणी धरून जरा वेळ बघत राहिल्या.
"मोरला आसंल त्याचा.
येक मोरला का दुसरा वारतो.
आमचे टोपलीन कवरं तरी येतान तशे."
आणि माझ्या खुर्चीखालचा केर काढून
पलीकडच्या टेबलाकडे गेल्या.

म्हणजे चूक नव्हती ती.
मधे काहीतरी घडलं होतं
आणि आम्ही ते काढलंच नव्हतं.

नऊ वर्षं मी दुसऱ्यांचंच जोडत आले.
आज पेन धरलं. रेघ थरथरली,
तशीच ठेवली.
टायर दाखवला नाही.
फक्त रस्ता, दिव्यांच्या झोतात पांढरा पडलेला,
आणि डांबरावर एक डेंगा,
अजून उघडमीट करणारा.
दोन सेकंद.
मग बारा फ्रेम काळोख.
तेवढ्यात किती महिने गेले
ते ज्याचं त्याने मोजावं.

त्यानंतर अय्याजचा शॉट लागला :
तोच खेकडा,
डावा डेंगा उंच धरून,
तळ्याकडे, तिरका.

रेंडरला लावलं तेव्हा सात वाजून गेले होते.
श्रेयनामावलीत चांगुणाबाईंचं नाव
कुठे घालावं ते ठरत नाहीये.
कथा,
की जोडकाम?