बेगमी

आर्नफिनची गाडी रात्रभर भिंतीला तोंड लावून
धबधबा पिते.
म्हणजे वीज. पण हेल्गेलांडच्या या किनाऱ्यावर
वीज म्हणजे वरच्या डोंगरातून पाइपात शिरलेलं पाणीच,
आणि पाण्याला कोण मोजतं?
(मोजतात. महिन्याच्या महिन्याला बिल येतं.)

दुकान चार किलोमीटर, धक्का सहा,
चर्च तीन, तेही कुणी गेलं तरच.
एवढ्याशा जगाला पन्नास किलोमीटरची बॅटरी
पुरून उरते.
आणि खाली, पोटातल्या काळोखात,
अडतीस लिटर पेट्रोल
गेल्याच्या गेल्या जूनपासून हललेलं नाही.
बोडोला जायचं होतं तेव्हा. जुन्या फेरीबोटीच्या
इंजिनखोलीतल्या लोकांचा मेळावा.
सातजण येणार होते, मग पाच,
मग कुणीतरी कळवलं, राहू दे आता.

टाकी भरलेलीच राहिली.
असू दे, अडीनडीला होईल.
हे त्याच्या आईचं बोलणं.
ती गेल्यावर तळघरात एकवीस पुडे साखर निघाली,
दगड झालेली.

मीठ लावलेला मासा मुरतो.
पेट्रोल मुरत नाही, विटतं.
त्यातलं जे हलकं, पटकन पेट घेणारं,
ते आधी उडून जातं, जड तेवढं मागे राहतं.
(माणसांचंही असंच, म्हणायचा मोह होतो.
आर्नफिन म्हणेल, माणसांचं माणसांपाशी,
हे रसायन आहे.)

नोव्हेंबरात एका सकाळी पडद्यावर अक्षरं आली:
इंधन जुनं झालं आहे.
टाकी संपेपर्यंत किंवा भरेपर्यंत
इंजिन आपोआप चालेल.
आणि चाललं.
एकतीस वर्षं इंजिनखोलीत काढलेल्या माणसानं
आधी कान दिला, मग शिवी.
तिसरं सिलिंडर किंचित खोकत होतं.

पत्रपेटीपाशी आलेली गुन्वोर, वय चौऱ्याऐंशी, म्हणाली,
"आज कंठ फुटला वाटतं तुझ्या गाडीला!"
आणि काठी आधी आत टाकून, मागून स्वतः बसली.
"कुठे जायचं?" त्यानं विचारलं.
"तुलाच जाळायचंय. तू सांग."

पहिल्या दिवशी सहा लिटर.
तिनं जिथे बावीस वर्षं शिकवलं ती शाळा,
आता तिथे सामन माशांच्या खाद्याची पोती,
फळा मात्र भिंतीवर आहे, कुणी तरी त्यावर
पोत्यांचा हिशेब लिहिलाय.
"बेरीज चुकलीय," ती काचेला नाक लावून म्हणाली.
दुसऱ्या दिवशी तो धक्का, जिथे पूल झाल्यापासून
फेरी थांबत नाही. तिथे ते बोललेच नाहीत,
थर्मासमधली कॉफी प्यायले, अडीचलाच अंधार पडला,
गाडीचे दिवे पाण्यावर.
तिसऱ्या दिवशी तिचा पाय सुजला.
तो एकटाच निघाला, बारा किलोमीटर गेला,
आणि परत आला. मजा नव्हती.
काटा जिथल्या तिथे.

संपवायला पुढे दोन आठवडे लागले.
माल वाहून दिला, कुणाची गादी, कुणाचा कुत्रा,
कारण शोधून शोधून लांबचा रस्ता धरला.
ज्यांच्याकडे "येऊ कधीतरी" म्हटलं होतं
त्यातल्या दोघांकडे खरंच गेला.
तिसऱ्याच्या दारावर नवी पाटी होती.

शेवटी, काटा तळाला टेकल्यावर, पंपावर.
एस्किल नावाचा पोरगा, टोपी कानांवर,
"टाकी फुल?"
आर्नफिनचं तोंड सवयीनं "हो" म्हणायला उघडलं.
आतून काठी काचेवर वाजली.
"दहाच घाल," गुन्वोर म्हणाली,
"वसंतात पुन्हा संपवायला लागेल
एवढंच घाल."

पोरानं दहा घातलं. आर्नफिननं पैसे दिले.
घरी येईतो गाडी गप्पच होती,
रस्त्यावरच्या बर्फाचा आवाज तेवढा.
केबल लावताना त्याच्या हातमोज्याला वास होता,
ताजा, डोक्यात जाणारा.
त्यानं तो हातमोजा बाहेर ठेवला नाही.