ओली काच

पट्टी पंख्याखाली ठेवायची नाही.
मिठाच्या पाण्याचा थेंब, वर झाकणकाच,
आणि लगेच बघायचं.
गार झाली की ती पोहायची थांबतात,
मग गर्दीत कुठली ती आणि कुठल्या आपल्याच पेशी,
सांगता येत नाही.
सोलापुरात मे महिन्यात हा धोका कमी,
असं मी गमतीनं म्हणते.
हसायला खोलीत कुणी नसतं.

सत्तावीस नंबर. नागमणी बोद्दूल, विडी घरकुल.
पिवळं, हिरवट, फेसाळ, वर्षभर:
हे डॉक्टरबाईंनी लिहिलेलं.
ती एवढंच म्हणाली,
"मांडीवर सूप घेऊन बसवत नाय ओ अक्का.
हजाराच्या सातशे होतात."
वास? तिच्या घरात तंबाखूचा वास
सगळ्या वासांवर बसलेला,
त्यामुळे कुणाला कळलं नाही,
किंवा कळलं आणि कुणी बोललं नाही.
तुरटीचं पाणी झालं. कडुलिंब झाला.
मेडिकलमधलं मलम झालं,
तेही दुकानात गिऱ्हाईक नसताना, बोट दाखवून.

भिंग फिरवलं.
नासपतीच्या आकाराचं, पुढं शेपट्या,
झटके देत, गिरक्या घेत,
कुठंच न जाता.
अठरा वर्षं बघतेय,
तरी हात थबकतो: इतकं जिवंत.

मी तिला बघू दिलं. नियमात नाही.
एक डोळा मिटायला जमेना, पदरानं झाकला.
"हलतंय की ओ! नाव काय याचं?"
"नाव लांब आहे. गोळ्या सातच दिवसांच्या.
सकाळी एक, रात्री एक.
तोंडाला लोखंडाची चव येईल, तरी सोडायच्या नाहीत.
मालकांनाही द्यायच्या.
दोघांचं संपेपर्यंत जवळ जायचं नाही."

तिनं कागद उलटा करून पाहिला.
"कुणी दिलं, ते ह्यात येतं का?"
तो रकाना नाही, नागमणी.
पुरुषात ते महिनोन्महिने गप्प बसतं,
बाईतही बसतं.
त्याच्या अंगावर तारीख नसते.
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली:
तो भिवंडीला गेला ते वर्ष,
धाकटीचं बाळंतपण.
मग मोजणं सोडलं.

मालक आठ दिवस आले नाहीत.
मी ठणठणीत आहे, असा निरोप. आणणारी तीच.
"आमटीत कुटून घालू?"
चोरून औषध द्यायचं नाही, मी म्हटलं.
मग एकदा पाळी सुटल्यावर तो आला,
केसांत सुताची रुई.
दारातूनच पाकीट घेतलं, शर्टाच्या आत ठेवलं.
"दारू?"
"नाही."
"आठवडाभर?"
"वर तीन दिवस."
घरी ती काय बोलली होती, मला माहीत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा ओली काच.
पट्टी इकडून तिकडे चार वेळा सरकवली.
पेशी, पेशी, एक धागा, सुताचा असावा.
काही हललं नाही.
"दिसत नाही," मी म्हटलं.
"नीट बगा."
परत पाहिलं, तिच्यासाठी.
ती बाहेर बाकावर,
रिकाम्या मांडीवर दोन्ही हात,
बोटं मात्र चालूच:
पान, जर्दा, वळ, दुमड.