हातचा एक

गुरुवारी रात्री अकरानंतर डेटा स्वस्त होतो.
तेव्हा मी खाली मोखोत्लोंगमध्ये
पायांवर ब्लँकेट ओढून जागी राहायची
आणि वर, जिथे झाडंसुद्धा चढायची थांबतात,
त्सेको मेंढवाड्याच्या भिंतीवर उभा राहून
फोन आभाळाला दाखवायचा.

एक दांडी.
थोड्या वेळाने दुसरी.
मग त्याचा गृहपाठ यायचा.

वही नव्हती त्याच्याकडे.
कपारीखाली, पाऊस पोचत नाही तिथे,
एक फिकट सपाट खडक होता.
त्यावर कोळशाने लिहायचा, फोटो काढायचा, पाठवायचा.
कोपऱ्यात कधी कुत्र्याची शेपटी,
कधी त्याच्याच गमबुटाचं टोक.
मी तोंडी तपासायची, आवाज पाठवून,
कारण वाचण्यापेक्षा ऐकणं त्याला लवकर जमायचं,
आणि तेवढ्या वेळात बोटं गारठायची नाहीत.

एकदा आलं :
मालकाच्या सत्तेचाळीस, मामाच्या अडतीस,
एकूण पंच्याहत्तर.

म्हटलं, त्सेको, सात आणि आठ पंधरा.
पाच खाली लिहिलास. हातचा एक कुठाय?

उत्तरात आधी नुसता वारा आला, सहा सेकंद.
मग तो.
“हातात काठी होती, मे. हातचा धरू कशात?”

पुढच्या गुरुवारी विसरला नाही.
त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही.
आम्ही गुणाकारापर्यंत आलो होतो.

मग बर्फ. मग तीन गुरुवार काहीच नाही.
टॅक्सीवाल्या लेबाकाने सांगितलं,
तो सीमेपलीकडे गेला, खाणीत. फोन घेऊन गेला.
नंबर लावला तर एक बाई
फार नम्रपणे नाही म्हणाली.

त्याच सुमारास माझा फोन कुरकुरला : जागा भरली.
वरून परिपत्रकं येत होती, पानंच्या पानं.
मी त्सेकोचे आवाज पुसले.
त्रेपन्न होते.
बोटाला काही वाटलं नाही, हे मला नंतर वाटलं.

सप्टेंबरात, वाट मोकळी झाल्यावर,
मागून आणलेल्या तट्टावर बसून वर गेले.
पिशवीत शाळेने दिलेली टॅबलेट, उन्हावर चालणारा चार्जर,
चाळीस धडे आत भरून.

तिथे आता पाकिसो होता. नऊ वर्षांचा,
त्सेकोचीच घोंगडी, खालून कापलेली.
तू शिकतोस का रे कुठे, विचारलं,
तर काही न बोलता मला कपारीखाली घेऊन गेला.

सगळं होतं तिथे.
त्सेकोचे आकडे,
आणि त्यांच्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे,
त्या आकड्यांची हुबेहूब नक्कल :
तोच मागे झुकलेला तीन,
तीच नवाची लांब शेपटी,
आणि सत्तेचाळीस अधिक अडतीस, पंच्याहत्तर,
अकरा वेळा.

माझं तपासणं कुठेच नव्हतं.
ते हवेतून आलं होतं, फोनमध्ये उतरलं होतं,
फोनबरोबर निघून गेलं.

“मेंढ्या किती आहेत तुझ्याकडे?”
“पंच्याहत्तर,” लगेच. छाती काढून.

संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभी राहून मी मोजल्या.
पंच्याऐंशी.
दहा मेंढ्या सबंध थंडीभर
गवत खात होत्या, बर्फ अंगावर घेत होत्या,
कुणाच्याही हिशोबात नसताना.
त्यांचं काही बिघडलेलं दिसलं नाही.

चुलीतून एक कोळसा उचलला.
त्सेकोचं उत्तर पुसवेना.
चारच्या डोक्यावर, अगदी बारीक, एक काढला.

“हे काय?”
“हातचा.”
पाकिसोने आधी माझ्या हाताकडे बघितलं,
मग स्वतःच्या, काळ्या झालेल्या.
“कुणाच्या?”

पिशवी अजून तट्टावरच होती.
म्हटलं, बस इथे.