छेदात एक

जिनिंगच्या जुन्या वजन-वहीत,
गाठींच्या रकान्यांत, मी चढाया लिहिते.
कापडण्याचा संघ, नऊ सामन्यांचा हंगाम.
जमलेल्या चढाया वर, एकूण खाली,
मधली रेघ मैदानावरच्या फक्कीसारखी,
ओलांडली की हिशोब सुरू.

सोनगीरला हिलालनं तीन चढायांत तीन गडी मारले.
तीन छेद तीन. म्हणजे एक.
रात्रीपर्यंत टपरीवर ठरूनही गेलं
की आपला हिलाल बाद होतच नाही.
मी म्हटलं, थांबा, तीनच झाल्यात.
जिभाऊ म्हणाले, आक्का, शुभ बोल जरा.

मग नरडाण्याला चारदा त्याचा घोटा धरला गेला,
बेटावदला दम घुमवून तो नुसताच परतला,
आणि आकडा उतरत, चढत, उतरत
पांझरेच्या पाण्यात गाळ बसावा
तसा बसला:
साठात एकोणचाळीस.
शून्य दशांश पासष्ट.
आता एका चढाईनं तो फारसा हलत नाही.

हिलालला हे आवडलं नाही.
"म्हणजे शंभरात पस्तीसदा मी रिकामा येणार,
हे तुला आधीच ठाऊक?"
कोणते पस्तीस, ते वहीला ठाऊक नाही रे.

राखीव भटू, अकरावीतला,
आठ सामने पाण्याची कळशी
आणि सगळ्यांची घड्याळं सांभाळत बसलेला.
एकदा वहीवर वाकला.
"आक्का, मनी कितली शे?"
वर शून्य. खाली शून्य.
"म्हणजे शून्यच ना?"
शून्य नाही, म्हटलं. काढताच येत नाही.
तो बराच वेळ मधल्या रेघेकडे बघत राहिला.

शेवटच्या सामन्यात चार मिनिटं उरली होती
आणि बावीस गुणांची पिछाडी.
जिभाऊंनी नुसती मान हलवली.
घड्याळं माझ्या मांडीवर टाकून भटू गेला.
कबड्डी कबड्डी, आवाज जेमतेम.
बोनसची रेषा त्याला दिसलीही नसावी.
डाव्या कोपऱ्यानं पाय ओढला, मग सातही जण अंगावर,
आणि त्या ढिगाखालून एकच हात बाहेर,
मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे.

मी लिहिलं: शून्य छेद एक.

तो आला, कानात माती,
थुंकला, वही आपल्याकडे फिरवून घेतली.
"खाले एक ते उना!" म्हणाला,
आणि घड्याळं परत मागितली.