वावडं

कुत्री त्याची नव्हतीच मुळी.
बहीण गेली नोव्हेंबरात,
आणि त्सेसिस गावातल्या तिच्या दोन खोल्यांत मागे उरलं ते एवढंच:
लोकरी हातमोज्यांचं एक खोकं,
शहाजिरं घातलेल्या चीजचा न कापलेला गोळा,
आणि रूसा.

रूसा म्हणजे लाटवियन भाषेत गंज.
रंगावरून पडलेलं नाव.
आपल्या कानांना मात्र कुणी रुसून बसल्यासारखं वाटतं,
आणि पहिले आठ दिवस ती तशीच बसली होती,
दाराकडे तोंड करून.

नवव्या दिवशी इल्मार्सचं नाक बंद झालं.
मग डोळे. मग कान.
नाक गेलं तर चालतं पियानो जुळवणाऱ्या माणसाला,
कान जाऊन कसं चालेल?
संगीतशाळेच्या जुन्या पियानोपुढे तो बसला,
पट्टी दाबली, वाट पाहिली.
दोन तारांमधली ती बारीक थरथर,
चाळीस वर्षांची ओळखीची,
पाण्याखालून कुणी हाक मारावी तशी आली.

डॉक्टरीणबाईंनी हातावर सुया टोचल्या.
कुत्रा: कोटाच्या बटणाएवढा फुगवटा.
बर्च: त्याहून मोठा.
'कुत्री देऊन टाका कुणाला,' त्या म्हणाल्या,
'बर्चचं आपल्या हातात नाही.'
त्याने मान हलवली. होकार की नकार,
ते त्या मानेवरून कुणालाच कधी कळलेलं नाही.

इकडे रूसाचे पंजे चाटून चाटून लालभडक.
पोटावर चट्टे. रात्रभर खाजवणं,
आणि प्रत्येक वेळी लाकडी जमिनीवर आपटणारा पाय,
ठक, ठक, ठकठक,
तालाला धरून अजिबात नाही.
त्याची झोप उडायची ती आवाजाने नव्हे, तालाने.

जनावरांच्या दवाखान्यात तिची एक कूस भादरली,
वर शाईचे ठिपके मांडले,
रांगोळी काढायच्या आधी मांडतात तसे, ओळीने.
ती हलली नाही. त्याच्या कोटाची बाही तेवढी दातात धरून ठेवली.
वीस मिनिटांनी तीन ठिपके फुगून वर आले.
धुळीतले किडे.
बर्च.
आणि तिसऱ्यापाशी तो तरुण डॉक्टर जरा घुटमळला.
'माणूस,' म्हणाला.
'माणसाच्या कातडीचा कोंडा. होतं कधीकधी.'

इल्मार्स हसला. कधी नव्हे ते मोठ्याने.
हसता हसता शिंकला,
आणि टेबलावरून तीही शिंकली.

आता घर सोडायचं कुणी?

शनिवारी दोघांची आंघोळ. आधी तिची, ओटच्या साबणाने,
मग त्याची, घासून घासून,
तिला आपला त्रास नको म्हणून.
दोघांच्या गोळ्या एकाच फळीवर, वेगवेगळ्या डब्यांत.
तिची चीजमध्ये लपवून द्यावी लागते.
त्यालाही चीजबरोबरच बरी जाते.

अंगणातला बर्च कापून टाक, शेजारची स्कैद्रीते म्हणते.
मार्चमध्ये त्याच झाडाला भोक पाडून बहीण रस काढायची,
बाटल्या भरून सगळ्या आळीला वाटायची.
मे महिन्यात तेच झाड दोघांच्या डोळ्यांत जातं.
त्याने करवतीला धार लावली.
करवत भिंतीवर आहे.

स्कैद्रीतेच्या नातवाला तो पियानो शिकवतो,
म्हणजे वाजवायला नव्हे, जुळवायला.
सांगतो, सगळे स्वर शुद्ध ठेवायला जाशील
तर शेवटचा एक लांडग्यासारखा ओरडेल.
म्हणून चूक थोडी थोडी सगळ्यांत वाटून टाकायची,
कुणा एकावर पडू द्यायची नाही.
पोरगा विचारतो, मग खरा सूर कुठला?
इल्मार्स नाक पुसतो.

रात्री मधलं दार बंद. असं ठरलेलं आहे.
पलीकडे ती, पाठ दाराला टेकून.
अलीकडे त्याचा पलंग, रोज बोटभर
दाराकडे सरकलेला.
फटीला लावायला म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला टॉवेल
खुर्चीवर आहे,
घडी न मोडलेला.