शुक्रवारची एक ओळ

क्लायपेडात नोव्हेंबरला चारलाच अंधारतं.
दुकानात आम्ही तिघंच:
दांगुओले बिलं फाडत, म्हातारा स्तासिस
अकॉर्डियनच्या भात्याला सरस लावत,
आणि मी, सर्व्हरच्या गरम पंख्याशी हात शेकत.

त्या आठवड्यात रोज चार हजार मेल.
मेलेल्या मंत्र्यांच्या विधवा, सोन्याच्या पेट्या,
न काढलेल्या तिकिटाला लागलेली लॉटरी,
टकलावर केस उगवणारं तेल.
दांगुओलेनं एका विधवेला उत्तरही दिलं होतं,
दोनच ओळी, सांत्वनाच्या.
मग बँकेतून फोन आला.

"काहीतरी कर," ती म्हणाली. ओरडली नाही.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

कुठला आकडा कुठल्या देशाचा,
कुणीतरी आधीच मांडून ठेवलं होतं, मी उतरवून घेतलं.
चार वाजून चाळीस मिनिटांनी एक ओळ लिहिली
आणि डकारपासून कालाबारपर्यंतचा किनारा
मिटला.
चहा निवायच्या आत.

सोमवारी फक्त एकशेबारा. दांगुओलेनं केक आणला.
केक कशाचा, स्तासिसनं विचारलं. सांगितलं.
भात्यावरून मान न उचलता तो म्हणाला,
"गव्हाबरोबर किडे रगडतात हे ऐकून होतो.
तू किड्यांपायी गहूच रगडलास."
मी हसलो. केक खाल्ला.

उरलेल्या एकशेबारांचा माग काढला,
वेळ होता म्हणून.
नव्वद निघाली कौनासच्या एका भाड्याच्या यंत्रातली,
इथून अडीच तासांवर.
कौनास मी बंद केलं नाही.
तिथे माझी बहीण राहते.

मार्चमध्ये पोस्टातून पाकीट आलं, कागदाचं,
कोपरे मऊ पडलेलं. लोमेहून, कोसिवा आजावों.
"महाशय, तुमचा पत्ता लिहिताना माझं काहीतरी चुकतंय.
सोळा वेळा तपासला. दर वेळी मेल परत येते.
वाद्य तुमच्याच दुकानातलं, जुनं,
आमच्या मास्तरांनी मागे ठेवलेलं.
डाव्या हाताची एक पात तुटली आहे.
रविवारी चर्चमध्ये तो सूर आला
की आम्ही सगळ्याजणी मिळून खोकतो.
पैसे आधी पाठवीन. तुम्ही घाबरू नका."

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.
खाली चिकटपट्टीनं लावलेली
नखाएवढी पोलादी पात.

स्तासिसनं ती दिव्यापुढे धरली.
माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्याचे उपकार.
दोन दिवस तो नवी पात घासत होता,
घासायचा, फुंकायचा, कान लावायचा,
पुन्हा घासायचा. एका पातीसाठी.

मी फाइल उघडली. ओळ होती तिथेच होती.
पुसता आली असती.
समोर दांगुओले बसली होती, बँकेचा हप्ता
पेन्सिलीनं लिहून खोडत.
मी त्या ओळीखाली दुसरी लिहिली:
हा एक पत्ता वगळून.

बाकीचा किनारा अजून तसाच आहे.

मे महिन्यात तिची मेल आली, पहिली, अडथळ्याविना.
"पात पोचली. आता कुणी खोकत नाही.
उलट एक-दोघींना चुकल्यासारखं होतं.
मी पत्ता शेवटी बरोबर लिहिला, असं दिसतंय.
कोतोनूला एक वाद्य दुरुस्त करणारा आहे,
त्याचीही मेल तुमच्याकडून परत येते म्हणतो.
काळजी नसावी,
त्याला मी पत्ता नीट लिहायला शिकवते आहे."